हैतीच्या डोंगराळ भागातील कुटुंबजीवनाची छायाचित्रे: इतिहाससाधन म्हणून एक विचार

१

‘हैती’ हे नाव ज्या तायनो भाषेतून आले तिच्यात त्याचा अर्थ ‘डोंगराळ भूमी’ असा होता, असे सामान्यतः मानले जाते. कॅरिबियन समुद्रातील हिस्पान्योला बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग म्हणजे हैतीचे प्रजासत्ताक होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७,७५० चौरस किलोमीटर असून त्यातील फार मोठा भाग डोंगरांनी व्यापलेला आहे. ‘डोंगरामागे डोंगर आहेतच’ ही तेथील म्हण प्रवाशाला भूगोल सांगते आणि तेथल्या माणसाला एका अडचणीमागून येणाऱ्या दुसऱ्या अडचणीची आठवण करून देते. ह्या डोंगरांत राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांची जी छायाचित्रे विसाव्या शतकात घेतली गेली, त्यांचा इतिहासाचे साधन म्हणून कितपत उपयोग होऊ शकतो आणि तो करताना कोणती दक्षता बाळगली पाहिजे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार करण्याचे कारण असे की, ह्या लोकांविषयी लिखित साधने फार तुटपुंजी आहेत आणि जी आहेत ती बहुधा त्यांच्या हातची नाहीत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या गुलामांच्या उठावाची परिणती १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र राष्ट्राच्या घोषणेत झाली. जे काल गुलाम होते त्यांना स्वातंत्र्याचा अर्थ मुख्यतः एकच वाटत होता: दुसऱ्याच्या मळ्यात राबावयाचे नाही, आपल्या तुकड्यावर आपले पीक काढावयाचे. १८०९ नंतर अध्यक्ष पेत्यों ह्यांनी सैनिकांना जमिनी वाटून दिल्या. इतर कित्येकांनी डोंगरउतारावरील मोकळ्या जमिनी लागवडीखाली आणल्या. उलट, राज्यकर्त्यांना निर्यातीसाठी मळे हवे होते. अध्यक्ष ब्वाये ह्यांचा १८२६ चा ग्रामीण कायदा शेतकऱ्याला जमिनीला बांधून ठेवण्यासाठीच केलेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८२५ साली, फ्रान्सने हैतीच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्याची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँकची नुकसानभरपाई मागितली होती. पुढे १८३८ साली ही रक्कम कमी झाली, तरी तिचा बोजा पिढ्यान् पिढ्या राहिला, आणि तो वाहिला तो बव्हंशी कॉफी पिकविणाऱ्या ह्याच डोंगरी शेतकऱ्यांनी.

असे असूनही राज्यकारभाराच्या कागदपत्रांत हा शेतकरी आढळतो तो करदाता, वेठबिगार किंवा बंडखोर म्हणून. राज्यकारभाराची भाषा फ्रेंच होती, शेतकऱ्याची क्रेओल; क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान मिळाले ते १९८७ च्या राज्यघटनेने. शहरातील लोक खेडुतांना ‘बाहेरचे लोक’ म्हणत. १९५० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३१ लक्ष भरली. तीत दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ खेड्यांत राहणारी होती. म्हणजे ज्यांना ‘बाहेरचे’ म्हटले जात होते तेच वस्तुतः राष्ट्र होते. अशा समाजाच्या बाबतीत छायाचित्र हे अभ्यासकाला मोठेच साहाय्यक वाटावे, हे स्वाभाविक आहे. ज्याने कागदावर आपले नाव लिहिले नाही त्याचा चेहरा, त्याचे अंगण, त्याच्या हातातील कुदळ ही तरी आपणास दिसते. परंतु हे साहाय्य कोणत्या अटींवर मिळते, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

हैतीच्या ग्रामीण भागात कॅमेरा मोठ्या प्रमाणावर शिरला तो परकीय सत्तेच्या काळात. २८ जुलै १९१५ रोजी अमेरिकेचे नौसैनिक हैतीत उतरले आणि १९३४ च्या ऑगस्टपर्यंत देश त्यांच्या ताब्यात राहिला. रस्ते बांधण्यासाठी १८६४ च्या ग्रामीण कायद्यातील वेठीची तरतूद पुन्हा अमलात आणण्यात आली. डोंगरांतील माणसांना घरांतून काढून रस्त्यांवर राबविण्यात येऊ लागले, तेव्हा असंतोष पेटला. ‘काको’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी बंडखोरांचे नेतृत्व शार्लमाञ पेराल्त ह्याने केले. १९१९ च्या ऑक्टोबरअखेरीस, रात्रीच्या अंधारात त्याच्या छावणीत शिरून त्याला गोळी घालण्यात आली.

त्याच्या मृत्यूची खात्री लोकांना पटावी म्हणून त्याचे प्रेत एका दारावर उभे बांधून त्याचे छायाचित्र घेण्यात आले आणि त्याच्या प्रती खेडोपाडी वाटण्यात आल्या. बंड संपले आहे, हे सांगणारा तो सरकारी पुरावा होता. परंतु ज्यांनी ते छायाचित्र पाहिले त्यांना त्यात दुसरेच काही दिसले. कमरेभोवती वस्त्र गुंडाळलेला, दाराला टेकून उभा असलेला, मागे ध्वज असलेला तो निश्चेष्ट देह त्यांना क्रुसावरील ख्रिस्तासारखा वाटला. भीती बसविण्यासाठी काढलेले चित्र अशा रीतीने हौतात्म्याचे चित्र झाले. ताबा संपल्यानंतर पेराल्तच्या अवशेषांना राष्ट्रीय सन्मानाने निरोप देण्यात आला, फिलोमे ओबँ ह्या उत्तर हैतीतील चित्रकाराने ह्याच छायाचित्राच्या आधारे त्याच्या ‘क्रुसारोहणा’चे चित्र रंगविले, आणि पुढे हैतीच्या नाण्यांवरही त्याची मुद्रा आली.

हे उदाहरण दैनंदिन जीवनाचे नाही, हे खरे. तरी ते येथे देण्यामागे हेतू आहे. डोंगरातील माणसांच्या हाती मोठ्या संख्येने आलेले एक आरंभीचे छायाचित्र हे असे होते, आणि त्याचा अर्थ काढणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे न लागता पाहणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे लागला. छायाचित्राचा हेतू आणि छायाचित्राचा इतिहास ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सूत्र पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावे लागेल.

ह्याच काळात बाहेरच्या जगात हैतीचे जे चित्र रूढ झाले ते भीतीचे आणि कुतूहलाचे होते. विल्यम सीब्रुक ह्यांचे ‘द मॅजिक आयलंड’ हे प्रवासवर्णन १९२९ साली प्रसिद्ध झाले आणि चालत्या प्रेतांच्या कथांना त्याने पाश्चात्त्य वाचकवर्ग मिळवून दिला. डोंगरातील कुटुंब सकाळी काय खाते, मुलीच्या शाळेचा खर्च कसा भागविते, जमिनीची वाटणी कशी करते, हे जाणून घेण्याची इच्छा अशा वाचकाला नव्हती. नंतरच्या मानववंशशास्त्रज्ञांनी दैनंदिन जीवनाकडे जे लक्ष वळविले, त्याचा ह्या पार्श्वभूमीवर विचार केला पाहिजे.

३

मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस ह्या दोघांनी १९३४ च्या उन्हाळ्यात मध्य हैतीतील मिरबाले ह्या गावी सुमारे तीन महिने राहून अभ्यास केला. परकीय ताबा संपत होता तोच हा उन्हाळा. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ इन अ हैतियन व्हॅली’ ह्या त्यांच्या ग्रंथात जन्म, विवाह, शेती, बाजार, मृत्यू असे जीवनाचे सर्व टप्पे क्रमाने आले आहेत. सनसनाटी वर्णनांना उत्तर द्यावयाचे तर ते सामान्य माणसाच्या सामान्य दिवसाच्या वर्णनाने दिले पाहिजे, अशी त्यामागील भूमिका दिसते. त्यांनी छायाचित्रांबरोबर चलच्चित्रेही घेतली.

ह्या पिढीच्या अभ्यासकांना विशेष आकर्षण वाटले ते ‘कोंबित’ ह्या सहकारी श्रमपद्धतीचे. आपल्याकडील इर्जिकीशी परिचित असणाऱ्या वाचकाला ती समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. ज्याचे शेत नांगरावयाचे किंवा खणावयाचे असेल तो शेजाऱ्यांना बोलावतो. शंख फुंकला जातो, ढोल वाजतो, गाणे सांगणारा पुढे होतो आणि कुदळी एका तालात पडतात. दिवसअखेर यजमान सर्वांना जेवू घालतो. फरक एवढाच की, हैतीच्या उभ्या उतारांवर बैल आणि नांगर चालत नाहीत; तेथे सर्व भार माणसाच्या हातांतील कुदळीवर आणि कोयत्यावर असतो.

कोंबित छायाचित्रकाराला अतिशय सोयीची असते. ती उघड्यावर, भर उन्हात चालते. ओळीने उभी असलेली माणसे, वर उचललेल्या कुदळी, मागे डोंगराची उतरती रेषा, अशी रचना आयतीच मिळते. परंतु त्याच वेळी घराच्या मागे, स्वयंपाकाच्या झोपडीत, त्या सर्वांसाठी अन्न शिजविणाऱ्या स्त्रिया चौकटीच्या बाहेर राहतात. कोंबितीचा खर्च कोणी केला, यजमानाने धान्य उसने आणले होते काय, आलेल्यांपैकी कोण परतफेडीच्या भावनेने आला आणि कोण केवळ एका जेवणासाठी, ह्यांपैकी काहीही छायाचित्रात दिसत नाही. श्रमाचा सोहळा दिसतो, श्रमाचा हिशेब दिसत नाही. हर्स्कोव्हिट्स ह्यांच्या ग्रंथाचे महत्त्व असे की, त्यात चित्राच्या शेजारी हा हिशेब शब्दांत मांडण्याचा प्रयत्न आहे. चित्र ग्रंथापासून तोडून स्वतंत्रपणे पाहिले तर त्याचे निम्मे साधनमूल्य नष्ट होते.

४

ह्यानंतरचा महत्त्वाचा प्रयत्न मार्बियाल खोऱ्यातील होय. दक्षिण हैतीत जॅकमेल शहराच्या वरच्या अंगास, गोसलिन नदीच्या काठी हे खोरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने स्थापन झालेल्या युनेस्कोने ‘मूलभूत शिक्षणा’ची एक प्रायोगिक योजना १९४७ साली येथे हाती घेतली. योजनेपूर्वी लोकांचे जीवन समजून घ्यावे म्हणून १९४८ ते १९५० ह्या काळात आल्फ्रेद मेत्रो ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे पाहणी झाली. रेमी बास्तियँ, सुझान कोंहेर-सिल्व्हँ आणि त्यांचे पती झां कोंहेर ह्यांचा तीत सहभाग होता.

पाहणीतून जे बाहेर आले ते सुखद नव्हते. वारसाहक्काने सर्व मुलांत समान वाटणी होत गेल्यामुळे जमिनीचे लहान लहान तुकडे झालेले होते. झाडे तुटल्यामुळे उतारावरील माती पावसाबरोबर वाहून जात होती. अवर्षणाच्या वर्षी उपासमार ठरलेली होती. मेत्रो ह्यांचा मार्बियालमधील उपजीविकेवरील अहवाल युनेस्कोने १९५१ साली प्रसिद्ध केला. शिक्षणाची योजना आखणाऱ्यांना त्याने जणू असे बजावले की, ज्या माणसाच्या पायाखालची माती सरकत आहे त्याला केवळ अक्षरओळख पुरणार नाही.

ह्याच सुमारास, १९४८ साली, मेत्रो ह्यांचे स्नेही पिएर व्हेर्जे हैतीत आले. व्हेर्जे हे मूळचे पॅरिसचे. १९४६ पासून ब्राझीलमधील बाहिया येथे स्थायिक झालेले छायाचित्रकार. १९५७ साली मेत्रो ह्यांचे हैतीवरील जे सचित्र पुस्तक फ्रेंच भाषेत निघाले त्यात व्हेर्जे आणि स्वतः मेत्रो अशा दोघांची छायाचित्रे आहेत. व्हेर्जे ह्यांचा कॅमेरा रोलायफ्लेक्स जातीचा होता. हा कॅमेरा डोळ्याला न लावता छातीशी किंवा कमरेशी धरून, वरून काचेत पाहावयाचा असतो. त्यामुळे छायाचित्रकाराची मान आपोआप खाली झुकते, त्याचा चेहरा समोरच्या माणसाला दिसत राहतो आणि चित्र खालच्या उंचीवरून घेतले जाते. परिणामी उभा असलेला शेतकरी चित्रात उंच, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. एका गुंडाळीत केवळ १२ चित्रे निघत. म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी थांबावे लागे. ही तांत्रिक बाब क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामुळे त्या काळातील पुष्कळ ग्रामीण छायाचित्रांत जो एक संथपणा आणि भारदस्तपणा आढळतो, त्याचे एक कारण कळते. तो सर्वस्वी डोंगरी जीवनाचा गुण समजून त्यावर सिद्धान्त उभारणे धोक्याचे ठरेल.

एकाच खोऱ्याविषयी अहवाल आणि छायाचित्रे असे दोन पुरावे समोर ठेवले की त्यांतील विसंगती जाणवते. अहवालात भूक आहे. छायाचित्रात रेखीव देह, हसरी मुले आणि सुंदर डोंगर आहेत. ह्यांपैकी एक खोटा आणि दुसरा खरा असे मानण्याचे कारण नाही. भूक ही दीर्घ काळ चालणारी क्रिया आहे. तिचे मोजमाप महिन्यांत करावे लागते. छायाचित्राचा क्षण सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा असतो. माणसाची प्रतिष्ठा त्या क्षणात पकडता येते. पुढील दोन महिन्यांत त्याचे कणग रिकामे होणार आहे, हे पकडता येत नाही. इतिहासकाराने दोन्ही पुरावे एकत्र वाचावेत, हेच उचित होय.

५

आता खुद्द घराकडे वळू. डोंगरातील पारंपरिक घर म्हणजे लाकडी खांबांवर उभारलेली, फांद्यांच्या कुडावर माती लिंपलेली एक-दोन खोल्यांची वास्तू. वर गवताचे, पुढे पुढे पत्र्याचे छप्पर. स्वयंपाकाची झोपडी वेगळी. खिडक्या लहान आणि थोड्या, म्हणून आत उजेड बेताचा. दिवसभराचे जीवन घरात नसून अंगणात चालते: उखळात मका किंवा ज्वारी कांडणे, तुंब्यांतून पाणी आणणे, कॉफी वाळविणे, मुलींच्या वेण्या घालणे. अशी घरे एका अंगणाभोवती एकत्र असली की त्या वस्तीला ‘लाकू’ म्हणतात. कुटुंबाचा ज्येष्ठ पुरुष, त्याची मुले, सुना, नातवंडे ही त्यात राहत आणि जवळच पूर्वजांची थडगी असत. ही थडगी पुष्कळदा जिवंत माणसांच्या घरांपेक्षा पक्की बांधलेली असतात. छायाचित्रात कोपऱ्यात दिसणारे असे थडगे केवळ शोभेचे नाही. ज्या समाजात जमिनीचे कागद थोड्यांजवळ होते, तेथे आपले पूर्वज ह्याच मातीत आहेत, हा जमिनीवरील हक्काचाच एक प्रकारचा आधार होता.

परंतु उजेडाच्या ह्या मर्यादेमुळे छायाचित्रसंग्रहांना एक मोठे वैगुण्य आले आहे. १९३० व १९४० च्या दशकांतील फिल्म मंदगतीची होती. अंधाऱ्या खोलीत चित्र घ्यावयाचे तर झगझगीत दिवा पेटवावा लागे आणि त्याने त्या प्रसंगाचे स्वरूपच पालटे. त्यामुळे ह्या कुटुंबांचे जे चित्रित जीवन आपणापुढे आहे ते प्रामुख्याने दिवसाचे, अंगणातील आणि रस्त्यावरील आहे. रात्र त्यात जवळजवळ नाही. आणि हैतीच्या डोंगरांत रात्र हीच कुटुंबाच्या एकत्र येण्याची वेळ. सांगणारा ‘क्रिक?’ असे विचारतो, ऐकणारे ‘क्राक!’ असे उत्तर देतात आणि कथा सुरू होते. ज्या वेळी आजी नातवंडांना गोष्ट सांगत होती त्या वेळी कॅमेरा पेटीत बंद होता.

हे वैगुण्य भरून काढणारे साधन दुसऱ्या प्रकारचे आहे. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या वरच्या डोंगरातील केन्स्कॉफ परिसराचा अभ्यास हैतीतील पहिल्या स्त्री मानववंशशास्त्रज्ञ सुझान कोंहेर-सिल्व्हँ ह्यांनी केला आणि तेथील लोकांच्या फावल्या वेळाविषयी व करमणुकीविषयी १९३८ साली लेखन प्रसिद्ध केले. खेळ, कोडी, कथा, संध्याकाळच्या गप्पा, म्हणजे नेमके जे अंधारात घडते ते त्यांनी कानाने टिपले. त्याचप्रमाणे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी अ‍ॅलन लोमॅक्स ह्यांनी १९३६–३७ च्या हिवाळ्यात हैतीत फिरून सुमारे १,५०० ध्वनिमुद्रणे केली. आवाजाला उजेड लागत नाही. छायाचित्रांच्या अभ्यासकाने ही साधने जवळ ठेवली नाहीत, तर त्याला हैतीचे कुटुंब म्हणजे सदैव उन्हात राबणारा एक मूक समूह वाटू लागेल.

स्त्रियांविषयीही असेच म्हणता येईल. डोक्यावर टोपली घेऊन डोंगर उतरणारी बाजारकरीण हा हैतीच्या छायाचित्रांतील सर्वांत परिचित विषय होय. ती चित्रात एकाकी, चालणारी, ओझ्याखालची दिसते. वस्तुतः ती एका गुंतागुंतीच्या व्यापाराचा दुवा असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी मिंट्झ ह्यांनी हैतीच्या बाजारांचा अभ्यास करून ‘प्रातिक’ ह्या संबंधाचे विवेचन केले. विकणारी आणि घेणारी ह्यांच्यात कायमचा विश्वास निर्माण व्हावा म्हणून चढते माप, उधारी, टंचाईच्या वेळी राखून ठेवलेला माल अशा सवलती परस्परांना दिल्या जातात, हे त्यांनी दाखविले. डोक्यावरील टोपली छायाचित्रात येते. तिच्या मागे असलेली पत मात्र येत नाही.

६

एवढ्या मर्यादा सांगितल्यावर असा समज होईल की, ही छायाचित्रे फारशी उपयोगाची नाहीत. वस्तुस्थिती तशी नाही. एका बाबतीत त्यांची बरोबरी दुसरे साधन करू शकत नाही. ती म्हणजे, ज्या गोष्टी त्या वेळी कोणालाही नोंदण्यासारख्या वाटल्या नाहीत त्या त्यांच्यात नकळत नोंदल्या गेल्या आहेत.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे काळे गावठी डुक्कर. जुन्या चित्रांत ते अंगणाच्या कडेला, दोरीने बांधलेले किंवा मोकळे फिरताना दिसते. छायाचित्रकाराने त्याच्याकडे बुद्ध्या पाहिलेले नसते. ते उष्टेखरकटे आणि कंदमुळे खाऊन वाढे, त्याला वेगळा खर्च नसे, आणि लग्न, आजारपण, मर्तिक किंवा शाळेची फी अशा प्रसंगी ते विकून पैसा उभा करता येई. ते कुटुंबाची ठेव होते. १९७८ साली शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात डुकरांचा आफ्रिकी ताप आढळला आणि लवकरच तो हैतीत आला. रोग उत्तर अमेरिकेत पसरू नये म्हणून १९८० नंतरच्या काही वर्षांत परकीय साहाय्याने हैतीतील यच्चयावत डुकरे मारण्यात आली. बदली म्हणून आणलेल्या परदेशी जातीला विकतचे खाद्य आणि चांगला निवारा लागे; तो पुष्कळ मालकांच्या स्वतःच्या घरालाही नव्हता. १९४८ च्या चित्रातील अंगण आणि १९८८ च्या चित्रातील अंगण शेजारी ठेवले, तर दुसऱ्यात ‘नसलेली’ गोष्ट हाच इतिहास ठरतो. मात्र ही गैरहजेरी वाचावयाची असेल, तर चित्राचे वर्ष निश्चित माहीत असले पाहिजे.

वर्षाचे महत्त्व कपड्यांच्या बाबतीतही तितकेच आहे. निळ्या जाड कापडाचा सदरा, गवती टोपी, गळ्यात लाल रुमाल आणि खांद्याला ताडपानांची विणलेली ‘माकूत’ नावाची झोळी, हा डोंगरातील शेतकऱ्याचा आणि त्याच्या शेतीदैवताचा, ‘काका झाका’चा, वेष. फ्रान्स्वा द्युव्हालिए १९५७ साली सत्तेवर आल्यानंतर त्यांनी जे निमलष्करी दल उभारले, त्याने हाच निळा पोशाख आणि लाल रुमाल उचलला. लोकांनी त्या दलाला ‘तोंतों माकूत’ म्हटले. झोळीत मुलांना घालून नेणाऱ्या बागुलबोवाचे हे नाव. म्हणून १९४८ च्या चित्रातील निळा सदरा शेतकऱ्याचा; १९६८ च्या चित्रातील तोच सदरा शेतकऱ्याचा असेल किंवा शेतकऱ्याला भय वाटणाऱ्या माणसाचा असेल. तारीख नसेल तर चित्र ह्याचे उत्तर देत नाही.

लाकूच्या बाबतीतही तेच. रेमी बास्तियँ ह्यांनी १९५१ साली मेक्सिकोत प्रसिद्ध झालेल्या मार्बियालच्या कुटुंबावरील प्रबंधात ह्या एकत्र वस्त्या फुटत चालल्याचे दाखविले. त्या काळच्या छायाचित्रांत जे अंगण दिसते ते पुष्कळदा विघटनाच्या वाटेवरील लाकूचे आहे. त्याला ‘सनातन हैतियन कुटुंब’ असे शीर्षक देणे चुकीचे होईल. डोंगरी जीवन कालातीत आहे हा समज चित्राखालच्या अशा शीर्षकांनीच पसरविला.

७

शेवटी, ज्याचे चित्र घेतले त्या माणसाचा विचार केला पाहिजे. क्रेओल भाषेत छायाचित्राला ‘पोत्रे’ म्हणत आले आहेत. हा शब्द फ्रेंचमधील व्यक्तिचित्राच्या शब्दावरून आला. डोंगरातील कुटुंबाला चित्र हवे असते ते अशा अर्थाचे: धुतलेले कपडे, पायांत जोडे, सर्वजण समोर पाहत उभे, मुलीचा प्रथम धर्मसंस्काराचा पांढरा पोशाख नीट दिसणारा. उलट बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला हवे असते ते ‘सहज’ चित्र: अनवाणी पाय, कांडणारे हात, फाटका सदरा. एकाला जे खोटे वाटते तेच दुसऱ्याला आपले खरे रूप वाटते. दैनंदिन जीवन म्हणजे काय, ह्याविषयीचा हा मूळ मतभेद आहे. आपण कामात कसे दिसतो हे कुटुंबाला माहीतच असते. आपण एकत्र आहोत आणि नीटनेटके आहोत, हे त्याला टिकवून ठेवावयाचे असते. म्हणून नटूनथटून काढलेल्या चित्रांना ‘कृत्रिम’ म्हणून बाजूला टाकणे योग्य नाही. कुटुंबाने स्वतःविषयी दिलेली ती साक्ष आहे, आणि लेखी साक्ष थोडी असल्यामुळे ती अधिकच मोलाची आहे.

ह्याच ठिकाणी नावाचा प्रश्न येतो. बहुसंख्य चित्रांखाली ‘हैतियन शेतकरी’, ‘बाजारकरीण’, ‘डोंगरातील मुले’ एवढेच लिहिलेले असते. ही पद्धत हैतीपुरती नाही. विल्यम जॉन्सन ह्यांनी १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे ज्या दोन खंडांत प्रसिद्ध केली, त्यांतही व्यक्ती ही जातीचा नमुना म्हणूनच उभी केलेली आहे. नमुन्याला नाव लागत नाही, कारण तो बदलता येतो. इतिहासाला मात्र नाव लागते. अमुक स्त्री, अमुक खोऱ्यातील, अमुक वर्षी, अमुक काम करीत असलेली, एवढे कळले की तिच्या चित्राचा जमिनीच्या वाटणीशी, वादळाशी, दुष्काळाशी, मुलांच्या स्थलांतराशी संबंध जोडता येतो. नाव नसेल तर ती केवळ दारिद्र्याचे किंवा सौंदर्याचे प्रतीक बनते.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ह्याचा प्रत्यय पुन्हा आला. कोसळलेल्या राजप्रासादाचे चित्र जगाच्या स्मरणात राहिले. परंतु त्या दिवसांत लाखो माणसे राजधानी सोडून खेड्यांकडे परतली आणि तेथील कुटुंबांनी आपल्या तुटपुंज्या धान्यातून, बियाण्यासाठी राखलेल्या दाण्यांतूनसुद्धा, त्यांना जेवू घातले. हा डोंगरी कुटुंबांच्या आधुनिक इतिहासातील एक फार मोठा प्रसंग होय. परंतु तो रोजच्या जेवणाच्या रूपाने घडला. म्हणून बातमीच्या चित्राला तो दिसण्यासारखा नव्हता.

ह्या विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, चित्र, त्याचे वर्ष, ठिकाण आणि त्याखालचा मजकूर हे मिळून एक साधन होते. ते वेगळे केल्यास साधन खंडित होते. दुसरी अशी की, चौकटीत काय आहे ह्याबरोबरच रात्र, स्वयंपाकघर, पत आणि भूक ह्यांसारख्या कोणत्या गोष्टी चौकटीत येऊच शकत नव्हत्या, ह्याची यादी अभ्यासकाने आपल्याजवळ ठेवली पाहिजे. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष कामाची आहे. १९३० ते १९५० च्या दरम्यान घेतलेली ह्या कुटुंबांची कित्येक चित्रे आज हैतीबाहेर आहेत. व्हेर्जे ह्यांचा संग्रह बाहियातील त्यांच्या नावाच्या संस्थेत आहे. लोमॅक्स ह्यांची ध्वनिमुद्रणे २००९ साली निवडक रूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या प्रती हैतीत परत पोचविण्यात आल्या. जे आवाजाच्या बाबतीत घडू शकले ते चित्रांच्या बाबतीत न घडण्याचे कारण नाही. मार्बियालमध्ये १९४८ साली जी मुले कॅमेऱ्यापुढे उभी होती त्यांपैकी जी हयात आहेत ती आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे गेलेली असणार. चित्रातील चेहरे ओळखून त्यांना नावे देणारी माणसे फार दिवस मिळणार नाहीत. हे काम आधी झाले तर ह्या छायाचित्रांतून कुटुंबांचा इतिहास लिहिता येईल. न झाल्यास पुढील अभ्यासकाच्या हाती अनामिक चेहऱ्यांचा एक मोठा संग्रह तेवढा उरेल.